माळा किती पेलतो?

"पन्नास वर्षे या माळ्याने भात पेलला, तो आता चार पोत्यांनी मोडणार आहे काय?" घोटीत हे वाक्य आम्ही इतक्या जणांच्या तोंडून ऐकले आहे की ही सारी मंडळी एकाच शाळेत शिकून आली असावीत असे वाटते. पहिल्यांदा ते ऐकले सुमारे बारा वर्षांपूर्वी, एका गुदामाच्या दारात. आत एक हमाल पाय मोडून पडला होता. पाठीवर पोते घेऊन तो माळ्यावर चढला, थप्पीजवळ पोहोचला, आणि पायाखालची कडी मधोमध तुटून तो पोत्यासकट खाली आला. थप्पी जागची हलली नाही म्हणून जीव वाचला. मालक दुष्ट होता असे आम्ही म्हणणार नाही. दवाखान्याचा खर्च त्याने दिला. पण वरच्या वाक्यावर त्याचा मनापासून विश्वास होता, आणि नवल असे की तो विश्वास त्या पाय मोडलेल्या हमालाचाही होता. "माळा चांगला आहे, माझंच नशीब फुटकं," असे तो आम्हांला खाटेवरून सांगत होता.

आमचे शाळेतले शिक्षण सातवीपुरते. संघटनेच्या कामात मजुरीचे दर, हजेरी, वारणी यांचा हिशेब अंगवळणी पडला होता. लाकडाचा हिशेब मात्र त्या दिवसापर्यंत कधी केला नव्हता. पुढे एका म्हाताऱ्या सुताराच्या पायाशी बसून आणि नाशिकहून जुनी पुस्तके आणून जे थोडे समजले, ते येथे सांगतो. हे इंजिनियरचे शास्त्र नव्हे. इंजिनियरला केव्हा बोलवावे आणि तोपर्यंत काय करू नये, एवढे घरच्या माणसाला कळावे इतकीच या लेखाची मजल आहे.

माळ्याने पन्नास वर्षे भात पेलला हे खरेच असते. पण तो कोठे ठेवला होता, हे कोणी विचारीत नाही. आजोबांच्या काळी माळ्यावर कणग्या असत आणि त्या भिंतीला लागून असत. मधली वाट मोकळी ठेवीत. आज पोती येतात आणि उजेड व वावर मध्ये म्हणून थप्पी मध्येच लागते. आता कडी म्हणजे दोन टोकांवर टेकलेले लाकूड. तेच वजन कडीच्या सबंध लांबीवर पसरले असता जेवढे वाकण तिच्या पोटात येते, त्याच्या दुप्पट ते सारे वजन मधोमध एका जागी ठेवल्याने येते. उलट आठ फुटी कडीवर तेच वजन भिंतीपासून फूटभर अंतरावर ठेवा, की मधोमध ठेवल्याने जे वाकण येते त्याच्या निम्म्याहूनही कमी भरते. आजोबांना हे गणित ठाऊक होते की नाही देव जाणे. त्यांच्या कणग्यांना मात्र ठाऊक होते.

दुसरी गोष्ट वजनाची. आपल्या देशात इमारतींवर किती भार धरावा याचे मानक आहे, आयएस ८७५. ते प्रथम १९५७ साली निघाले, आणि त्याच्या १९८७ च्या आवृत्तीच्या दुसऱ्या भागात वापराप्रमाणे आकडे दिले आहेत. राहत्या खोलीला ते चौरस मीटरला २ किलोन्यूटन धरतात, म्हणजे आपल्या भाषेत चौरस फुटाला सुमारे १९ किलो. ज्या जागेत माणसे जमतात आणि बसायची आसने जमिनीला पक्की केलेली नसतात, तेथे ५ किलोन्यूटन, म्हणजे चौरस फुटाला सुमारे ५१ नव्हे, तर बरोबर हिशेबाने ४७ किलो. (चौरस मीटरचा चौरस फूट करताना आम्ही दोन वेळा चुकलो, म्हणून वाचकांना सावध करतो: एका चौरस मीटरमध्ये पावणेअकरा चौरस फूट असतात.) माल साठवण्याच्या जागेला तर कमीत कमी ७.५ किलोन्यूटन, म्हणजे चौरस फुटाला ७१ किलो.

हे आकडे आपल्या मालाशी ताडून पाहा. सुट्या भाताचे वजन घनफुटाला सोळा किलोच्या आसपास भरते. म्हणजे माळ्यावर फूटभर उंच भात पसरला की राहत्या खोलीचा भार जवळजवळ भरला. तीन फूट ढीग केला की अठ्ठेचाळीस किलो. पन्नास किलोचे पोते आडवे टाकले तर साधारण पाच चौरस फूट जागा धरते. सहा पोत्यांची थप्पी मारली की चौरस फुटाला साठ किलो झाले. पाणी तर सगळ्यांत जड. पाचशे लिटरची टाकी भरली म्हणजे पाचशे किलो, आणि ती बसते सात-आठ चौरस फुटांत. नळाला पाणी कमी येऊ लागले तशा आमच्या गावात कित्येक घरांच्या माळ्यांवर टाक्या चढल्या. ज्या माळ्यावर माणूस हळद, डाळी आणि जुनी भांडी ठेवीत होता तेथे आता पाच क्विंटल वजन चोवीस तास एका जागी उभे आहे, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. कारण टाकी चढवताना ती रिकामी असते आणि दोन पोरे ती हसत हसत वर नेतात.

चोवीस तास हा शब्द आम्ही मुद्दाम घातला. लाकूड लोखंडासारखे नसते. दहा मिनिटे जो भार ते निमूटपणे पेलते, तो दहा वर्षे पेलीलच असे नाही. अमेरिकेत मॅडिसन येथील वनोपज प्रयोगशाळेतील लायमन वुड यांनी १९५१ साली याचे प्रयोगसिद्ध कोष्टक मांडले. त्याप्रमाणे काही मिनिटांच्या चाचणीत लाकूड जेवढ्या भाराला मोडते, त्याच्या सुमारे बासष्ट टक्के भार सतत राहिला तरी ते दहा वर्षांत मोडू शकते. म्हणून मालक मंडळी माळ्यावर टाच आपटून किंवा उडी मारून "बघा, हलतो काय?" असे जे दाखवतात, त्या परीक्षेची किंमत शून्य समजावी. उडीने एका फळीची लवचीकता कळते. दहा पावसाळ्यांनंतर कडीचे काय होईल ते कळत नाही.

आता प्रत्यक्ष माळा पाहू. वर चढण्याआधी एक प्रश्न विचारावा: हा माळा मुळात माळा म्हणून बांधला आहे काय? आमच्याकडे दोन जातींचे माळे आढळतात. जुन्या घरांत खांब, खांबांवर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर फळ्या असा कडीपाट असतो. तो जमीन म्हणूनच बांधलेला असतो. दुसऱ्या जातीच्या घरांत मंगलोरी कौलांचे छप्पर कैच्यांवर असते, आणि कैचीच्या तळाच्या आडव्या लाकडांवर कोणीतरी मागाहून फळ्या टाकून 'माळा' केलेला असतो. खालून दोन्ही सारखेच दिसतात. पण कैचीतले ते आडवे लाकूड वजन धरण्यासाठी नसते. छपराची दोन पाखे भिंतींना बाहेर ढकलतात, त्यांना एकमेकांकडे ओढून धरणारा तो ताण आहे. त्याच्यावर चार हलकी गाठोडी ठेवणे निराळे आणि मुलाचा पलंग व कपाट ठेवणे निराळे. आणि डोक्याला लागते म्हणून ते लाकूड कापणे हे तर घर मोडायला काढणे आहे. असे कापलेले लाकूड आम्ही दोन घरांत पाहिले. दोन्ही ठिकाणी भिंतीचा माथा ओळंब्यातून बाहेर गेला होता.

कडीपाट असेल तर कडीची मापे घ्यावीत, आणि येथे बहुतेकांची चूक होते. लोक लाकडाची जाडी बघतात. शाळेतली लाकडी फूटपट्टी दोन पुस्तकांवर आडवी ठेवून मधोमध दाबा, ती वाकेल. तीच पट्टी कडेवर उभी करून दाबा, ती हूं की चूं करणार नाही. लाकूड तेच, वजन तेच. कारण कडीचे बळ रुंदीच्या पटीत वाढते, पण उंचीच्या वर्गाच्या पटीत वाढते. चार इंच रुंद, तीन इंच उंच कडीचे माप छत्तीस धरले, तर तीच उभी, म्हणजे तीन रुंद आणि चार उंच केली की अठ्ठेचाळीस. आणि तेवढ्याच लाकडाची दोन रुंद, सहा उंच कडी काढली तर बहात्तर. एकाच लाकडात दुप्पट फरक! गाळ्याचे, म्हणजे दोन टेकूंमधल्या अंतराचेही असेच. आठ फुटांचा गाळा बारा फुटांचा केला तर दर फुटाला भार तोच असूनही वाकण सव्वादोन पट होते आणि झोल पाच पट.

झोल मोजायला यंत्र लागत नाही. कडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खालच्या बाजूने दोरा ताणून बांधावा आणि मधोमध कडी दोऱ्याच्या किती खाली येते ते पाहावे. दहा फुटांच्या कडीला दोन-तीन सूत असेल तर फारशी चिंता नाही. अर्धा इंच, म्हणजे चार सूत, झाला की कारण शोधावे. जुने सागाचे लाकूड कधीकाळी वाकून तसेच स्थिर झालेले असते, म्हणून नुसता झोल पाहून घाबरू नये. तो वाढतो आहे की काय, हे पाहावे.

मग लाकडाची प्रकृती. इगतपुरी-घोटीच्या पट्ट्यात पाऊस किती हे येथल्या लोकांना सांगायला नको; इगतपुरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. हे पाणी कडीला मधोमध कधी धरीत नाही. धरते ते भिंतीत गेलेल्या टोकाला, जेथे कौलाची नळ गळते आणि भिंत आठ महिने ओल धरते. मधला भाग तुकतुकीत आणि टोक भुसभुशीत, अशी कडी आम्ही हाताने उपसून काढली आहे. टोच्या किंवा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन प्रत्येक टोक भिंतीलगत टोचावे. चांगल्या लाकडात तो सूतभरही शिरत नाही. कुजक्यात लोण्यासारखा जातो. हातोडीने ठोकावे: निरोगी लाकूड खणखणते, पोकळ लाकूड बद्द बोलते. वाळवीच्या मातीच्या नळ्या भिंतीवर दिसतात, पण किड्याने पोखरलेल्या लाकडाची खूण म्हणजे खाली पडलेली पिठी. आमच्या माता-भगिनी ती रोज झाडून टाकतात, म्हणून घरात वासा पोखरला आहे काय हे त्यांना पहिल्याने विचारावे, पुरुषांना नव्हे. सागाचा गाभा सहसा टिकतो, बाहेरचे फिकट लाकूड आधी जाते. शेवटी खाचा पाहाव्यात. वायरमनने पाइपसाठी कडीच्या पोटाला मधोमध इंचभर खाच पाडली असेल तर चार इंची कडी तेथे तीन इंची झाली. वर सांगितलेल्या वर्गाच्या हिशेबाने तिचे बळ निम्म्यावर आले.

आता आमच्याच घरची, म्हणजे संघटनेची, गोष्ट सांगतो.

चार वर्षांपूर्वी पेठेतल्या एका घरमालकाने आपल्या जुन्या घराचा माळा आम्हांला वाचनालयासाठी व महिन्याच्या सभेसाठी देऊ केला. भाडे नाममात्र. खाली एका भाडेकरूचे दुकान. माळा सोळा फूट रुंद आणि चोवीस फूट लांब, मधून तुळई, दोन्ही बाजूंना आठ-आठ फुटी कड्या, तीन रुंद चार उंच, दीड-दीड फुटावर. सभेला चाळीस माणसे येत. साठ किलोप्रमाणे चोवीसशे किलो झाले. तीनशे चौऱ्याऐंशी चौरस फुटांनी भागले तर चौरस फुटाला सव्वासहा किलोच पडतात. आमच्यातल्या तरुणांनी हा हिशेब पाटीवर लिहून टाळ्या घेतल्या. पण माणसे जागेवर वाटून ठेवलेली पोती नव्हेत. सभा संपली की चाळीसही जण जिन्याकडे वळतात, दोन-दोन चौरस फुटांत उभे राहतात, आणि त्या टोकाला तीस किलो होतात. मानकात सभेच्या जागेला सत्तेचाळीस किलो धरले आहेत ते उगीच नाही. सागाला धरतात तो वाकणाचा ताण साधारण १२० किलो चौरस सेंटिमीटरला. आम्ही कडीचा हिशेब केला तेव्हा फळ्यांच्या वजनासह राहत्या भाराला तो चौऱ्याहत्तरच्या आसपास आला, आणि सभेच्या भाराला दीडशेच्या पुढे गेला. म्हणजे कड्या घरापुरत्या उत्तम, सभेला अपुऱ्या. हा हिशेब आम्ही नाशिकच्या एका इंजिनियरांकडून तपासून घेतला. ते म्हणाले, "कड्यांचं झालं. पण तुळई कशावर आहे?"

तुळई कशावर आहे ते दिसत नव्हते, कारण दुकानाला प्लायवूडचे छत मारलेले होते. दुकानदाराची समजूत घालून एक फळा काढला. चोवीस फुटांची तुळई एका लाकडाची नव्हती. जुन्या सुताराने बारा-बारा फुटांच्या दोन तुळया मधल्या खांबाच्या माथ्यावर, हस्तावर, सांधल्या होत्या. सांधा नेहमी खांबावर असतो. पण खांब तेथे नव्हता. शटर रुंद करण्यासाठी तो कधीतरी काढून तीन फूट अलीकडे विटांचा एक खांब उभा केला होता, तोही फरशीवरच, खाली तळखडा नाही. तुळईचा सांधा दोन लोखंडी पट्ट्यांच्या व चार बोल्टांच्या भरवशावर हवेत लोंबत होता. दोरा धरला तर सहा सूत झोल. आम्ही वर उभे राहून सतरंज्या मोजीत होतो, ते या सांध्यावर.

दुकानदार म्हणाला, "इतकी वर्षं काही झालं नाही." तेच वाक्य. पण वरच्या माणसाचा जीव खालच्या मजल्यावर कोणाच्या तरी सोयीत अडकलेला असतो, हे त्या दिवशी आम्ही डोळ्यांनी पाहिले. मुंबईत घाटकोपरला २५ जुलै २०१७ रोजी सिद्धिसाई ही इमारत कोसळून सतरा माणसे गेली, तेव्हा तळमजल्यावर चाललेल्या फेरफारांत आधाराच्या भागांना हात लावला गेला असा आरोप झाला. आणि बांगला देशात ढाक्याजवळ सावर येथे राणा प्लाझा ही इमारत २४ एप्रिल २०१३ रोजी कोसळली, त्यात अकराशेहून अधिक माणसे मेली, बहुतेक कपडे शिवणाऱ्या कामगार मुली. दुकानांसाठी बांधलेल्या इमारतीवर परवान्यावाचून मजले चढवले होते, वरच्या मजल्यांवर कारखाने आणि जड जनरेटर नेले होते. आदल्या दिवशी खांबांना तडे दिसले. खालच्या बँकेने आपली माणसे घरी पाठवली; शिवणकामाच्या मुलींना मात्र सकाळी कामावर बोलावले. आमच्या संघटनेत तेव्हापासून एक नियम आहे: माल कोठे चढवायचा हे मालक सांगतो, पण तेथे चढणारा हमाल आधी खालून वर पाहून येतो, आणि दोरा, टोच्या व हातोडी संघटनेच्या कचेरीत ठेवलेली असतात.

माळा आम्ही सोडला नाही. घरमालक, दुकानदार व संघटना यांनी तिघांत खर्च वाटून सांध्याखाली पूर्वीच्या जागी खांब परत उभा केला. फरशी फोडून, खाली खडी-काँक्रीट करून त्यावर दगडी तळखडा बसवला. खांब उभा करताना तुळई जॅकने एकदम उचलू नये, रोज थोडी थोडी उचलावी, असे सुतारांनी बजावले. पाच दिवस लागले. दुकानाचे शटर दोन भागांत करावे लागले, दुकानदार महिनाभर बोलला नाही. जिन्याकडच्या सहा कड्यांना बाजूने तेवढ्याच उंचीच्या जोडकड्या बोल्टांनी आवळल्या. पुस्तकांची कपाटे भिंतीलगत, कड्यांच्या टोकांवर आणि कड्यांना आडवी ठेवली, म्हणजे एक कपाट एकाच कडीवर न येता दोन-तीन कड्यांवर वाटले जाते. पुस्तके हलकी असतात असा समज असेल तर फूटभर रांग तागडीत टाकून पाहा. दहाएक किलो सहज भरतात. पाच फळ्यांचे तीन फुटी कपाट म्हणजे दीड क्विंटल.

महिन्याची सभा खाली अंगणात होते. पावसाळ्यात शाळेचे व्हरांडे मागून घेतो. माळ्यावर एका वेळी पंधरांहून अधिक माणसे नकोत, अशी पाटी जिन्याशी लावली आहे, आणि सोळावा माणूस येऊन वाद घालतो तेव्हा त्याला आम्ही हाच सारा इतिहास सांगतो. तोवर एक जण खाली उतरलेला असतो.

दोरा आम्ही काढला नाही. तुळईच्या सांध्याखाली तो अजून ताणलेला आहे. दर दिवाळीला मधले अंतर मोजून खांबावर पेन्सिलीने लिहितो. खांब बसवल्यावर तीन सूत राहिले होते. गेल्या दिवाळीलाही तीनच भरले.